मामंजींची खाकी कव्हरं

माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा बराच झाला आहे. त्यातला सगळ्यात मोठा मी एका रविवारी सकाळी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता, घरातल्या सगळ्यांदेखत केला. शिवणकामाच्या पुस्तकावर प्रवासवर्णनाचं कव्हर चढवून मी ते सासऱ्यांच्या हाती दिलं होतं, आणि वर साळसूदपणे म्हटलं, "मामंजी, एखादा उतारा वाचून दाखवा ना."

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बी.ए. झाले होते, तेही मराठी घेऊन, त्यामुळे पुस्तकांतलं आपल्याला कळतं आणि बाकीच्यांना कळवून द्यायला हवं अशी माझी पक्की समजूत होती. आता नातवंडं माझी टिंगल करतात तेव्हा मला ती मुलगी आठवते. कुठे भेटली तर एक टप्पल मारीन म्हणते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तीस-बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापून बाहेर पडायच्या आधी दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हे त्यांचं काम, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ते फुकट चालू ठेवलं. लायब्ररीच्या पुस्तकात, दिनदर्शिकेवर, औषधाच्या बाटलीच्या कागदावर, जिथे चूक दिसेल तिथे लाल पेन्सिल. आमच्या लग्नाची पत्रिका माझ्या माहेरी छापली होती. ती अकरा लाल खुणांसह सासरहून परत आली. माझ्या वडिलांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांना वाटलं, लग्न मोडलं.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, ठाकुर्लीच्या अंगाला. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची ही गोष्ट. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि त्यात पाच माणसं: मामंजी, सासूबाई, आमचे हे, कॉलेजात जाणारी नणंद नीला आणि मी. पुस्तकं यायची पूर्वेच्या लायब्ररीतून, आणि ती आणायचे फक्त मामंजी. रोज चारला निघायचे, पुलावरून नाही, रूळ ओलांडून. पुलाला पायऱ्या फार आणि माणसं त्याहून फार, असं त्यांचं म्हणणं.

पुस्तक घरात आलं की मामंजी पहिल्यांदा त्याला खाकी कागदाचं कव्हर घालत. नाव झाकून टाकत. कण्यावर लाल शाईने फक्त नंबर. "नाव वाचलंत, चित्र पाहिलंत, की तुमचं मत आधीच तयार होतं," ते म्हणायचे. "कोण आहे ते न विचारता माणसाशी बोलायला बसा." त्यामुळे आमच्या घरात कुणी पुस्तकाला नावाने हाक मारत नसे. "अगं, तेवीस कुणाकडे आहे?" "सतरातली बाई मेली का?" "सतराचा शेवट सांगशील तर बघ." शेजारच्या वहिनींना बरेच दिवस वाटत होतं की आम्ही आकड्यांचा जुगार खेळतो.

रविवारी सकाळी पोह्यांबरोबर असायचा 'जामीन'. प्रत्येकाने आठवड्यात वाचलेलं एक पुस्तक घरातल्या कुणाला तरी सुचवायचं आणि त्यासाठी जामीन राहायचं. ज्याला सुचवलं त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आठवड्यात वाचायचंच. पुढच्या रविवारी त्याने पुस्तक टाकाऊ ठरवलं आणि मामंजींनी होकार दिला, तर जामीन राहिलेल्याला एक आठवडा वाचनबंदी. बंदी म्हणजे बंदी. वर्तमानपत्रसुद्धा नाही. एकदा ह्यांना बंदी झाली तेव्हा ते भेळेचा कागद घेऊन मोरीत जाऊन बसले होते.

ह्यांना फक्त रहस्यकथा लागायच्या. नीला म्हणायची, "दादा, तुझ्यासाठी मी एकोणीसला जामीन. खून पहिल्या पानावर, खुनी शेवटच्या. मधली दोनशे पानं तू नाहीतरी सोडतोसच."

"आणि तुझ्या पुस्तकांत काय असतं? दोनशे पानं ती त्याच्याकडे बघत नाही, आणि दोनशे एकाव्या पानावर बघते."

"निदान कुणी मरत तरी नाही."

"वाचणारा मरतो."

सासूबाई या सगळ्यात नसायच्या. आपण पोथीशिवाय काही वाचत नाही असं त्या बाहेर सांगत. पण नीलाच्या प्रेमकथा कणकेच्या डब्यामागे सापडायच्या. एका रविवारी मामंजींनी भिंग घेऊन एकेक पान तपासलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाले, "पान एकशे बारावर कणीक आहे. एकशे चौदावर आहे. एकशे अठरावर तर गोळाच आहे. या घरात कणीक कोण मळतं?" सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मला ते दृश्य अजून दिसतं. तेव्हा त्यांना कणकेचा कणही दिसायचा.

हसायचे सगळे. मीही हसायचे. पण खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळपासून मला रविवारची धास्ती लागायची. मामंजी कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा सारखा करून मऊ आवाजात विचारायचे, "सूनबाई, पान सत्तावन्न. तिथे तो घरी परत का येतो?" आणि माझ्या लक्षात यायचं की पान सत्तावन्न मी वाचलेलंच नाही, पन्नासवरून साठवर उडी मारली आहे. नीला पोह्यातले दाणे मोजू लागायची. "हरकत नाही," मामंजी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात सांग." मी शाळेत मास्तरांना भ्यायले नाही, अंधाराला नाही, विंचवाला नाही. या माणसाला भ्यायले.

त्या वर्षी दिवाळीनंतर मामंजी बदलले. मला ते बदललेले दिसले आणि त्यातून एकही बरोबर अर्थ काढता आला नाही.

आधी रविवारी ते पहिले बोलायचे, आता म्हणू लागले, "आधी तुम्ही सांगा, मी शेवटी." लाल पेन्सिल खिशात असायची पण पुस्तकांतून खुणा दिसेनाशा झाल्या. पान नंबर विचारणं थांबलं. कव्हरावरचे आकडे आधी मुगाच्या दाण्याएवढे असायचे, ते वालाएवढे झाले, मग लिंबाएवढे. नीला म्हणालीसुद्धा, "बाबा, हे पुस्तकाचे नंबर आहेत का बसचे?" आणि सासूबाई, ज्यांना चार वाजता पाठ टेकायची सवय, त्या रोज पिशवी घेऊन मामंजींबरोबर पूर्वेला जाऊ लागल्या. भाजी तिकडे ताजी मिळते म्हणे. आमच्या दारात भाजीवाली बसायची.

मी काय अर्थ काढला? म्हातारा आळशी झाला. स्वतः वाचत नाही, आमच्याकडून ऐकतो आणि शेवटी बोलून मोठेपणा घेतो.

त्यात एका रविवारी त्यांनी माझं पुस्तक पाडलं. मी त्यांच्यासाठीच जामीन राहिले होते, फार आवडलेल्या एका कादंबरीला. ते म्हणाले, "सूनबाईंनी दिलेलं पुस्तक म्हणजे पाणी घातलेलं वरण. गरम आहे, पण डाळ शोधावी लागते." सगळे खदखदून हसले. मला आठवडाभर बंदी. त्या आठवड्यात मला करायला काही नव्हतं. रिकामं डोकं आणि दुखावलेली बी.ए., दोन्ही एका अंगात.

बंदी संपली त्या रविवारी नीला मामंजींसाठी तेवीसला जामीन राहिली. हिमालयातलं प्रवासवर्णन होतं. तिने भरभरून सांगितलं, बर्फ, खेचरं, तंबूतला चहा. सोमवारी दुपारी मी तेवीसचं कव्हर काढलं आणि माझ्या माहेरून आणलेल्या शिवणकामाच्या पुस्तकाला घातलं. जाडी जवळजवळ सारखी. आतला घडीचा नकाशा, परकर-पोलक्याचा, तेवढा काढून ठेवला.

मग सहा दिवस मी मजा बघत होते. मामंजी दुपारी गॅलरीत आरामखुर्चीत बसायचे, तेवीस उघडायचे, आणि पानं उलटायचे. घाई नाही. दर दोन-तीन मिनिटांनी एक पान. मधूनच थांबून दूर बघायचे, जसं काही फार चांगलं वाक्य वाचलं. समोर गळ्याची मापं आणि काजाचे प्रकार. दुसऱ्या कुणाच्या मनात तिथेच काहीतरी चरकलं असतं. मला गुदगुल्या होत होत्या. पकडला, मी मनाशी म्हणत होते, पकडला.

तर तो रविवार. मामंजी शेवटी बोलले. तेवीस चांगलं आहे, म्हणाले, बर्फाचं वर्णन विशेष, नीला जामिनातून सुटली. मी लिंबाची फोड खाली ठेवली आणि उताऱ्याचं काढलं.

त्यांनी पुस्तक नाही मिटलं. फसवणारा माणूस मिटतो, घसा दुखतो म्हणतो, काहीतरी निमित्त काढतो. त्यांनी चष्मा सारखा केला, मधलं एक पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि वाचू लागले. "पहाटे तंबूचं दार उघडलं तेव्हा रात्रभरात सगळी वाट पुसून गेली होती. आदल्या दिवशी आपण कुठून आलो ते सांगायला एक पाऊलसुद्धा राहिलं नव्हतं..." असं बरंच. आवाज स्थिर. बोट ओळीवरून सरकत होतं. मी वाकून पाहिलं. बोट बाहीच्या कटिंगच्या तुटक रेषेवरून चाललं होतं.

आणि तेवीस वर्षांची ती बावळट म्हणाली, "मामंजी, तुमच्या हातात परकर-पोलक्याचं पुस्तक आहे."

ह्यांना चहाचा ठसका लागला. नीलाने पुस्तक ओढून घेतलं आणि किंचाळत हसली. "बाबा, चीटिंग. आठवडाभर काजं-बटणं वाचत होतात तुम्ही?"

हे म्हणाले, "आई, उद्यापासून बाबांचा हात धरूनच ने लायब्ररीत. नाहीतर वाटेत शिवणाच्या क्लासला जाऊन बसायचे."

मामंजीही हसले. "पकडलंस, सूनबाई. कंटाळा केला मी या आठवड्यात. नियम म्हणजे नियम, मला वाचनबंदी." ते उठले. उठताना त्यांचा हात दाराच्या चौकटीकडे गेला आणि चौकटीच्या अलीकडेच मिटला, जसं तिथेच काही होतं. मग पुन्हा पुढे गेला.

सासूबाई हसल्या नव्हत्या. त्या ओट्याकडे वळल्या आणि बंद असलेला स्टो त्यांनी परत बंद केला.

दुपारभर हे आणि नीला बोलत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. मला ती चौकट दिसत होती. मी काहीतरी मोडलं होतं आणि काय मोडलं ते कळत नव्हतं, आणि ती भीती शनिवारच्या भीतीसारखी नव्हती. शनिवारची रविवारी संपायची.

सोमवारी हे ऑफिसात, नीला कॉलेजात. चार वाजता मामंजींनी छत्री घेतली, पुस्तकांची पिशवी खांद्याला अडकवली. सासूबाईंनी भाजीची पिशवी उचलली.

"आज तुम्ही येऊ नका," मामंजी म्हणाले.

"मला मेथी आणायची आहे."

"मेथी दारात मिळते. काल ऐकलंत ना पोरगा काय म्हणाला? मला अजून कुणी हात धरून न्यायला नको."

ते गेले. जिन्यावर छत्रीचं टोक वाजत गेलं, एकेक पायरी. सासूबाई गॅलरीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"त्यांना दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "काचबिंदू आहे. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. डाव्याने काही नाही, उजव्याने नळीतून बघितल्यासारखं, अक्षर लागत नाही. मला शपथ घातली आहे, सांगू नका म्हणून. जा तू. माझे गुडघे पळणार नाहीत."

मी पळाले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची. ते मला रस्त्यात कळलं आणि मी दोन्ही तिथेच टाकल्या. आमच्या गल्लीतून रुळांपर्यंत पाच मिनिटं लागायची. मी धावत होते आणि डोक्यात एकच: त्यांनी आज ओलांडू नये, आज पुलावरून जावं, देवा, आज पुलावरून.

ते पायवाटेच्या टोकाला उभे होते. मान थोडी कलती. आता मला समजलं ते काय करत होते. ते ऐकत होते. छत्रीचं टोक पुढे करून त्यांनी पहिला रूळ चाचपला. तेवढ्यात त्या लाइनीवरून मालगाडी आली, म्हणून ते दोन पावलं मागे सरकून थांबले. लांबच लांब गाडी, डबा मागून डबा. तिच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि ठाण्याच्या बाजूने, पलीकडच्या लाइनीवर, मेल येत होती. मला ती डब्यांच्या फटीतून दिसली. दिसली, गेली, पुन्हा दिसली, मोठी होऊन.

मला हाक मारायची होती. पण हाक मारली आणि ते रुळांत थांबले तर? मी पळतच राहिले. मालगाडीचा शेवटचा डबा गेला. मामंजींना वाटलं, संपलं. ते चालू लागले. ते नेहमीच्या सवयीने, ताठ, भराभर चालत होते, जसं काही समोर सगळा रस्ता मोकळा दिसतो आहे. पहिली लाइन ओलांडली. दुसरीकडे छत्री पुढे झाली.

मी मागून त्यांचा सदरा धरला आणि ओढला. सगळ्या अंगाने ओढला. ते माझ्यावर पडले, मी खडीवर पडले. वारा आला, आणि मेल आमच्या पायांपासून दोन हातांवरून गेली. किती वेळ जात होती कोण जाणे. पिशवीतली पुस्तकं खडीवर विखुरली, आणि एक खाकी कव्हर सुटून गाडीबरोबर फरफटत गेलं.

मग शांत झालं. काकड्यांची पाटी घेतलेली कुणी बाई पायवाटेवरून ओरडली, "काय गो बाय, म्हाताऱ्याला एकला सोरलास?" ती आली, आम्हा दोघांना धरून रुळांबाहेर आणलं, शिव्या घातल्या आणि गेली. मी तिला काही बोलले की नाही आठवत नाही. पुस्तकं मी गोळा केली असणार, कारण नंतर ती माझ्या हातात होती.

मामंजी दगडावर बसले. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. सासऱ्यांनी सुनेचा हात धरायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि ते सोडत नव्हते. बांगडी त्यांच्या बोटांखाली किणकिणत होती. ती माझ्या हातामुळे नव्हती वाजत. 

"सूनबाई का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठली होती?"

"मेल होती, मामंजी."

"मला मालगाडीच ऐकू येत होती," ते म्हणाले. "फक्त मालगाडी."

मी रडू लागले. काल मी, मामंजी, मला माहीत नव्हतं, असलं काहीबाही. त्यांनी दुसऱ्या हाताने थांब अशी खूण केली. ती खूण त्यांनी माझ्या थोडी डावीकडे केली.

पुढे सहा-सात वर्षं मीच त्यांना वाचून दाखवत असे. रोज दुपारी, त्यांच्या आरामखुर्चीशेजारी स्टुलावर बसून, पलीकडच्या गल्लीत नव्या इमारतींची खडी फोडायचे आवाज येत असायचे त्यावर आवाज चढवून. कंटाळा आला की मी परिच्छेद गाळायचे आणि ते म्हणायचे, "इथे काहीतरी होतं." दर वेळी असायचं. रविवारचा जामीनही चालू राहिला. कव्हरं मी घालू लागले, नंबर नीला टाकायची. नव्वदीत घरात रंगीत टीव्ही आला तरी पोह्यांच्या वेळी तो बंद असायचा. त्या खुर्चीत बसून त्यांनी माझी आणखी कितीतरी पुस्तकं पाडली, आणि मला पुन्हा कधी शनिवारी धास्ती लागली नाही.

पण त्या सोमवारी हे काही माहीत नव्हतं. आम्ही पुलावरूनही गेलो नाही, लायब्ररीतही नाही. हळूहळू घरी परतलो. मी अनवाणी, ते माझ्या खांद्याला धरून. बिल्डिंगपाशी आल्यावर त्यांनी खांदा सोडला, सदरा झाडला, चष्मा पुसला, ज्याचा काही उपयोग नव्हता. वर गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना हात केला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मामंजी थांबले, कठडा चाचपला, आणि माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाले,

"मला दिसत नाही हे तू सगळ्यांना सांगितलंस तरी चालेल, सूनबाई. पण मी घाबरलो होतो, एवढं सांगू नकोस."